ड्राय फूड भिजवून द्यावे की कोरडेच?

ग्राहकांसाठी माहितीपत्रक, नागपूर

निरोगी, वयात आलेल्या आणि दात शाबूत असलेल्या कुत्र्याला ड्राय फूड कोरडे दिले तरी चालते, भिजवून दिले तरी चालते. बाजूला ताज्या पाण्याचे भांडे असले की तो आपली तहान आपणच भागवतो. एवढ्यावरच हे पत्रक संपले असते. पण दाण्यांवर पाणी पडले की ते टिकाऊ राहत नाहीत, शिजवलेल्या भातासारखे नासू लागतात. नागपूरच्या मे महिन्यात हा भात किती वेळ तग धरतो ते तुम्हाला ठाऊक आहेच. त्यामुळे भिजवायचे की नाही यापेक्षा किती पाण्यात, किती वेळ आणि उरलेल्याचे काय, हे जास्त महत्त्वाचे आहे.

दाणा कसा बनतो

धान्याचे पीठ, मांसाचे चूर्ण, जीवनसत्त्वे आणि खनिजे एकत्र मळून ते मिश्रण वाफ आणि दाबाखाली शिजवतात. मग साच्यातून काढून कापतात आणि वाळवतात. वाळल्यावर दाण्यात साधारण १० टक्के ओलावा उरतो. इतक्या कमी पाण्यात जंतू वाढू शकत नाहीत, म्हणून पिशवी महिनोन्‌महिने टिकते. अगदी शेवटी दाण्यांवर चरबी आणि चवीचा थर फवारतात.

कोमट पाणी घातले की वास दरवळतो तो या वरच्या थरामुळे. वाटीतले पाणी पिवळसर, तेलकट होते तेही त्यामुळेच. ते पाणी ओतून देऊ नका, चव आणि चरबी त्यातच उतरलेली असते. उकळते पाणीही घालू नका. ब-१ सारखी काही जीवनसत्त्वे उष्णतेने कमी होतात, आणि कुत्र्याच्या तोंडाला चटका बसतो तो वेगळाच. बोट घातल्यावर कोमट लागेल, म्हणजे ४० अंशांच्या आसपास, इतके पाणी पुरे.

कोणाला भिजवून द्यावे

पिल्लांना भिजवलेले लागतेच. आईचे दूध तोडायची सुरुवात तीन-चार आठवड्यांच्या वयात होते. तेव्हा एक भाग पिल्लांचे दाणे आणि तीन भाग कोमट पाणी घेऊन अर्धा तास ठेवा, हाताने कुस्करून पेजेसारखे करा आणि उथळ ताटलीत द्या. खोल वाटीत पिल्लू नाक बुडवते आणि ठसकते. दर आठवड्याला पाणी कमी करत गेलात की सातव्या-आठव्या आठवड्यात ते कोरडे किंवा नुसते ओलसर दाणे खाऊ लागते. कुत्र्यांच्या पैदास-विक्रीबाबतच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही. तरीही ३५-४० दिवसांचे पिल्लू कुणाच्या ना कुणाच्या हाती येतेच, आणि पहिल्याच दिवशी त्याच्यापुढे कोरडे दाणे ओतले जातात. ते खात नाही म्हणून मग दूध-पोळी सुरू होते, आणि दुधाने जुलाब. असे लहान पिल्लू घरी आले असेल तर वरच्या पेजेपासूनच सुरू करा, दिवसातून चार वेळा, थोडे थोडे.

म्हातारे कुत्रे, दात काढलेले किंवा हिरड्या दुखणारे कुत्रे, आणि गोचीड तापासारख्या आजारातून उठलेले कुत्रे यांनाही ओले बरे पडते. आजारपणात भूक मेलेली असते. अशा वेळी कोमट अन्नाचा वास बराच उपयोगी पडतो. लघवीत खडे होण्याची सवय असलेल्या किंवा किडनीचा त्रास असलेल्या कुत्र्यांच्या पोटात जास्त पाणी जावे म्हणून डॉक्टर भिजवायला सांगतात. त्यांचे दाणे आणि पाण्याचे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे. खाल्ल्या खाल्ल्या अख्खे दाणे उलटून टाकणाऱ्या हावरट कुत्र्यांमध्ये काहींना भिजवल्याने फरक पडतो. काही मात्र मऊ अन्न आणखीच भराभर चाटून संपवतात. त्यांना उंचवटे असलेले ‘स्लो फीडर’ भांडे द्यावे, किंवा दाणे मोठ्या परातीत पसरून द्यावेत. उलटी रोज होत असेल, किंवा खाल्ल्यावर काही वेळाने न पचलेले अन्न नळीसारख्या आकारात बाहेर येत असेल, तर भिजवत बसू नका, तपासून घ्या.

ज्या घरात वाटी सकाळी भरून दिवसभर तशीच ठेवली जाते, कुत्रा येता-जाता तोंड घालतो, तिथे भिजवलेले अन्न अजिबात नको. सवय बदलणार नसाल तर कोरडेच द्या.

मोजमाप: आधी वजन, मग पाणी

इथे सर्वाधिक चुका होतात. दाणे भिजून फुगतात, तीच वाटी कमी दाण्यांत भरते, आणि महिन्याभरात कुत्र्याच्या फासळ्या दिसू लागतात. म्हणून दाणे कोरडे असतानाच मोजायचे, तेही स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर. वाटीने मोजले तर दाण्याच्या आकाराप्रमाणे वजन बदलते.

किती दाणे, त्याचा ढोबळ अंदाज असा. १० किलोच्या, नसबंदी झालेल्या, बऱ्यापैकी फिरणाऱ्या कुत्र्याला दिवसाला सुमारे ६०० ते ६५० कॅलरी लागतात. बहुतेक ड्राय फूडमध्ये १०० ग्रॅमला ३५० ते ४०० कॅलरी असतात. तुमच्या पिशवीवर ३७० लिहिले असेल तर दिवसाचे झाले साधारण १७० ग्रॅम, म्हणजे सकाळी ८५ आणि संध्याकाळी ८५. वरून पोळीचे तुकडे, बिस्किटे जात असतील तर तेवढे दाणे कमी करा.

पाण्याचे प्रमाण १०० ग्रॅम दाण्यांच्या हिशेबाने सांगतो. ५० मिलि पाण्यात दाणे वरून ओले आणि आतून कुरकुरीत राहतात, मिश्रणात सुमारे ४० टक्के पाणी असते. निरोगी कुत्र्याला उन्हाळ्यात एवढे पुरते. १०० मिलि पाण्यात दाणे मऊ होतात पण आकार धरून राहतात. म्हाताऱ्या कुत्र्यांसाठी हे ठीक. २०० मिलिला लगदा होतो आणि पाणी ७० टक्क्यांवर जाते, म्हणजे डब्यातल्या ओल्या खाद्याच्या जवळपास. लहान दाणे कोमट पाण्यात १०-१५ मिनिटांत मऊ पडतात, मोठ्या जातींचे जाड दाणे २०-२५ मिनिटे घेतात. थंड पाणी असेल तर याच्या दुप्पट धरा. झाले की नाही ते एक दाणा बोटांनी दाबून बघा. मध्ये पांढरी, कडक गाठ लागली तर अजून थांबा, निदान बिनदातांच्या कुत्र्यासाठी तरी.

किती वेळ ठेवता येते

बाहेर ३२ अंशांच्या वर तापमान असेल तर पाणी पडल्यापासून एक तास. थंडीत, घर गार असताना, दोन तास. हा हिशेब वाटी कुत्र्यापुढे ठेवल्यापासून नव्हे, पाणी घातल्यापासून करायचा. कुत्र्याने २०-३० मिनिटांत संपवले नाही तर वाटी उचला. उष्टे उरलेले फेकायचेच, कारण त्यात लाळ गेलेली असते. न उष्टावलेला भाग झाकून फ्रिजमध्ये २४ तास चालतो. देताना थोडे कोमट पाणी घालून गारठा मोडावा.

रात्री हरभरे भिजत घालावेत तसे दाणे ओट्यावर भिजत घालून सकाळी वाढायचे, ही पद्धत बऱ्याच घरांत आहे. हरभरा भिजून मोड येतो, दाणा भिजून आंबतो. आंबट वास, बुडबुडे किंवा चिकट तार दिसली की ते कुत्र्याच्या पोटात जाऊ देऊ नका. शिवाय काही जंतू वास न येताही वाढतात, त्यामुळे नाकावर भरवसा ठेवण्यापेक्षा घड्याळावर ठेवलेला बरा. भिजवलेल्याने जुलाब झाले म्हणून लोक भिजवणेच बंद करतात. नीट विचारले तर बहुतेक वेळा वाटी तासन्‌तास पडून होती किंवा पाण्याऐवजी दूध होते, असेच निघते.

मुंग्यांसाठी जुनाच उपाय चांगला: वाटी पाण्याने भरलेल्या परातीत ठेवा. खडू-पावडर वाटीच्या आसपासही नको. भांडे स्टीलचे घ्या आणि प्रत्येक ओल्या जेवणानंतर साबणाने घासा. नुसते विसळले तर तळाला बुळबुळीत थर राहतो आणि पुढचे अन्न त्यावरच पडते. चरे पडलेले प्लास्टिक फेकून द्या.

पाण्याऐवजी काय घालू नये

दूध नको. वयात आलेल्या बहुतेक कुत्र्यांना दुधातली साखर नीट पचत नाही. ज्यांना पचते त्यांच्याही पोटात जास्तीच्या कॅलरी जातात, त्या मोजणार कोण?

रस्सा नको, आणि सावजीचा तर नकोच नको. कांदा आणि लसूण, कच्चे असोत की परतलेले की पूड, कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. परिणाम कधीकधी काही दिवसांनी दिसतो, त्यामुळे रविवारच्या मटणाचा आणि बुधवारच्या फिकट हिरड्यांचा संबंध कुणाच्या लक्षात येत नाही. तर्रीच्या तेलाने स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. “फक्त दोन चमचे” हे आम्ही रोज ऐकतो. पाच किलोच्या पामेरियनला दोन चमचे कमी नसतात.

चव हवीच असेल तर मीठ, मसाला, कांदा काहीही न घालता चिकन उकडा, ते पाणी फ्रिजमध्ये गार करा, वर गोठलेली चरबी काढून टाका आणि उरलेले वापरा. बिनमिठाचे पातळ ताक एक-दोन चमचे बहुतेकांना चालते. बाजारातले चौकोनी सूप क्यूब खारट असतात आणि त्यात बहुधा कांदा-लसणाची पूड असते.

पोट फुगणे आणि दात

“कोरडे दाणे पोटात फुगतात आणि पोटाला पीळ पडतो,” अशी भीती बरेच जण बोलून दाखवतात. दाणे पाण्यात फुगतात हे खरे, पण नुसत्या त्यामुळे पीळ पडतो असे सिद्ध झालेले नाही. धोका असतो तो ग्रेट डेन, जर्मन शेफर्ड, डॉबरमनसारख्या खोल छातीच्या कुत्र्यांना, दिवसातून एकदाच भरपेट दिल्याने आणि भराभर गिळल्याने. पर्ड्यू विद्यापीठाच्या २००० मधल्या अभ्यासात उंचावर ठेवलेल्या भांड्यातून खाणाऱ्या मोठ्या कुत्र्यांमध्ये हा धोका वाढलेला दिसला. म्हणून आजारासाठी डॉक्टरांनी सांगितले नसेल तर मोठ्या कुत्र्यासाठी स्टँड घेऊ नका, आमच्याकडे विकायला असला तरी. त्याच विद्यापीठाच्या संशोधनातून आणखी एक गोष्ट पुढे आली: सिट्रिक आम्ल घातलेले दाणे भिजवून दिल्यास धोका वाढू शकतो. याबद्दल सर्वांचे एकमत नाही, पण खोल छातीचा कुत्रा असेल तर पिशवीवरची घटकांची यादी वाचून घ्यायला काही पैसे पडत नाहीत. पोट ढोलासारखे ताणलेले, ओकारीचा जोर पण बाहेर काही येत नाही, लाळ गळते, कुत्रा एका जागी बसत नाही, असे दिसले तर सकाळची वाट पाहू नका. त्याच क्षणी दवाखाना गाठा.

दातांचे म्हणाल तर कोरडा दाणा चावताच फुटतो, हिरडीजवळचा थर खरवडायला तो तिथवर पोचतच नाही. दातांसाठी खास बनवलेले मोठे, चिवट दाणे वेगळे. भिजवलेले देत असाल किंवा कोरडे, दात घासावे लागतातच, आणि ते कुत्र्यांच्या पेस्टने. माणसांची पेस्ट नको.

उन्हाळा

१० किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण ५०० ते ६०० मिलि पाणी लागते, नवतपात याहून जास्त. १७० ग्रॅम कोरड्या दाण्यांतून त्याला जेमतेम १७ मिलि मिळते. दाण्यांच्या वजनाइतकेच, म्हणजे १७० मिलि पाणी घालून दिले तर गरजेचा तिसरा हिस्सा जेवणातच भागतो. मग तो भांड्यातले पाणी कमी पितो, त्याची काळजी करू नका. भांडे मात्र भरलेलेच ठेवा. दोन ठिकाणी ठेवा, एक कूलरजवळ, आणि दिवसातून तीनदा बदला. मे महिन्यात जेवण सकाळी सातच्या आत आणि रात्री आठनंतर द्यावे. दुपारच्या उकाड्यात कुत्रा खात नाही आणि ओले अन्न पडून नासते. एखादा कुत्रा अचानक दर किलोमागे १०० मिलिपेक्षा जास्त पाणी पिऊ लागला तर दोष उन्हाला देऊ नका. मधुमेह, किडनी किंवा मादीच्या गर्भाशयातला पू यांपैकी काही असू शकते. रक्त-लघवी तपासून घ्या. जवळपास सोय नसेल तर सेमिनरी हिल्सवर पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना आहे.

पावसाळा आणि साठवण

जुलैत उघडी पिशवी दोन दिवसांत सादळते. सादळलेला दाणा आणि भिजवलेला दाणा वेगळे. सादळलेल्यावर बुरशी धरते, आणि काही बुरशींचे विष यकृत निकामी करते. ते विष धुतल्याने जात नाही, कोमट पाण्याने तर नाहीच. म्हणून “जरा नरम पडलेत, भिजवून घालून टाकू” असे करू नका. खवट वास आला तरी तेच.

दाणे मूळ पिशवीतच ठेवा, तोंड घट्ट गुंडाळून क्लिप लावा आणि ती पिशवी झाकणाच्या डब्यात, जमिनीपासून उचलून ठेवा. ओट्याखाली, गॅस सिलिंडरजवळ नको. उघडल्यापासून चार ते सहा आठवड्यांत संपेल एवढीच पिशवी घ्या. पाच किलोच्या कुत्र्यासाठी स्वस्त पडते म्हणून २० किलोची पिशवी घेतली तर शेवटचे बरेच दाणे खवट खावे लागतात.

कोरड्यावरून ओल्यावर येताना पहिले दोन दिवस १०० ग्रॅमला २५ मिलि, पुढचे दोन दिवस ५०, मग हवे तेवढे. शी किंचित मऊ झाली तर चालेल. पातळ झाली तर मागच्या पायरीवर या. भिजवणे आणि ब्रँड बदलणे दोन्ही एकाच आठवड्यात करू नका, कशाने बिघडले ते कळत नाही.

पिशवीवरचा बॅच क्रमांक आणि तारखेचा तुकडा शेवटचा दाणा संपेपर्यंत जपून ठेवा. कुत्रा आजारी पडला तर डॉक्टर तो विचारतील, आणि पिशवी बदलून घ्यायची झाली तर आम्हालाही तो दाखवावा लागेल.