आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी: मावशीचा रिपोर्ट, काकूंचा रिपोर्ट

मावशीने व्हॉट्सअ‍ॅपवर रिपोर्टचा फोटो पाठवला. आरए फॅक्टर ४६, पुढे ठळक अक्षरांत ‘हाय’, कडेला ‘२० पर्यंत नॉर्मल’. फोटोखाली एकच ओळ: ‘मला आमवात निघाला गं.’ डॉक्टरांना दाखवायच्या आधीच तिने दही, लिंबू, चिंच बंद करून टाकली होती.

त्याच सुमारास खालच्या मजल्यावरच्या काकू अगदी निश्चिंत. सकाळी दीड-दोन तास मूठ वळत नव्हती, बांगड्या चढत नव्हत्या; पण आरए फॅक्टर निगेटिव्ह, म्हणजे ‘तसलं काही नाही’. पुढे त्यांची अँटी-सीसीपी, म्हणजे आमवातासाठीच करतात ती दुसरी रक्तचाचणी, २०० च्या वर निघाली. मावशीची मात्र निगेटिव्ह.

घोळ नावातच आहे. आरए म्हणजे रुमॅटॉइड आर्थरायटिस, आपला आमवात. आजाराचं नावच चाचणीला दिल्यावर फॅक्टर पॉझिटिव्ह म्हणजे आजार पॉझिटिव्ह असं कुणालाही वाटणारच.

प्रत्यक्षात आरए फॅक्टर म्हणजे प्रतिपिंडाविरुद्ध (अँटीबॉडीविरुद्ध) बनलेलं प्रतिपिंड. नॉर्वेच्या एरिक वालर यांनी १९४० मध्ये हे नोंदवलं: सशाची प्रतिपिंडं चिकटवलेल्या मेंढीच्या तांबड्या पेशी आमवाताच्या रुग्णाच्या सीरममध्ये (रक्तातल्या द्रवात) घातल्या की त्यांचे गठ्ठे होतात. अमेरिकेत हॅरी रोझ यांना १९४८ मध्ये तेच दिसलं, म्हणून जुने डॉक्टर अजून ‘रोझ-वालर’ म्हणतात. पण शरीर हा उद्योग बऱ्याच कारणांनी करतं. हेपटायटिस सी, क्षयरोग, कुष्ठरोग, हृदयाच्या झडपांचा जंतुसंसर्ग, डोळे-तोंड कोरडं पाडणारा श्योग्रेन: रोगप्रतिकारशक्ती दीर्घकाळ खवळलेली असली की आरए फॅक्टर वाढू शकतो. नुसत्या वयानेही वाढतो.

हिशेबच करून बघा. धडधाकट माणसांतही शंभरात साधारण पाच जणांचा आरए फॅक्टर पॉझिटिव्ह येतो. आमवात हजारात जेमतेम पाच-सात जणांना. म्हणजे हजार जणांची सरसकट चाचणी केली तर पन्नासेक लोक विनाकारण घाबरणार आणि खरे रुग्ण सापडणार चार-पाच. ‘फुल बॉडी’ पॅकेजमध्ये ही चाचणी कशाला घालतात, मला तरी कळलेलं नाही.

अँटी-सीसीपीचा नेम जास्त नेमका. आमवातात प्रथिनांमधल्या आर्जिनिन या घटकाचं सिट्रुलिन होतं आणि शरीर त्या बदललेल्या प्रथिनांना परकं समजून प्रतिपिंडं बनवतं. सिट्रुलिन हे नाव कलिंगडाच्या लॅटिन नावावरून आलंय, कारण ते सापडलं कलिंगडात. (कलिंगड खाल्ल्याने ही प्रतिपिंडं वाढत नाहीत. मावशी वाचत असेल म्हणून सांगितलं.) सिगारेटच्या धुराने फुप्फुसात हा बदल वाढतो, म्हणून धूम्रपान आणि आमवात यांचं नातं जवळचं. सांधे दुखायला लागण्याच्या काही वर्षं आधीच ही प्रतिपिंडं रक्तात आलेली असू शकतात. आमवात नसलेल्या, पण दुसरे आजार असलेल्या शंभर जणांतही सुमारे पंचाण्णव जणांची ही चाचणी निगेटिव्ह येते. अशा लोकांत आरए फॅक्टरला हे इतकं जमत नाही. तरी सक्रिय क्षयरोगात कधीकधी अँटी-सीसीपीही फसवते, आणि आपल्याकडे हे विसरून चालत नाही.

आजार पकडण्यात मात्र दोघी जवळपास सारख्याच: आमवाताच्या साधारण एक-तृतीयांश रुग्णांत अँटी-सीसीपी निगेटिव्हच असते. दोन्ही निगेटिव्ह असूनही आमवात असलेले रुग्ण असतात. २०१० च्या आंतरराष्ट्रीय निकषांत दहापैकी सहा गुण लागतात आणि या दोन्ही चाचण्यांना मिळून जास्तीत जास्त तीन, तेही आकडा नॉर्मलच्या तिपटीपेक्षा वर असेल तर. बाकीचे गुण किती आणि कोणते सांधे सुजलेत, किती आठवडे झाले, ईएसआर-सीआरपी (शरीरातला दाह दाखवणाऱ्या रक्तचाचण्या) वाढलेत का, यावर. नुसत्या रक्तावर कुणी पास होत नाही.

मावशीला डॉक्टरांनी विचारलं, सकाळचा आखडलेपणा किती वेळ राहतो? चहा होईपर्यंत, ती म्हणाली. बोटांच्या टोकाकडच्या सांध्यांना टणक गाठी, गुडघ्यात कुरकुर: ही वयाची झीज. हेपटायटिस सी तपासली, तीही निगेटिव्ह. दही सुरू झालं.

काकूंना आता आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट, हे आमवाताचं औषध. त्याच्यासाठी लिव्हर आणि रक्तपेशी ठरलेल्या अंतराने तपासाव्या लागतात, आजाराचा जोर ईएसआर-सीआरपीवरून आणि सांधे दाबून कळतो. अँटी-सीसीपी पुन्हा पुन्हा करण्यात पैसे जातात, कारण तो आकडा आजाराबरोबर खाली-वर होतोच असं नाही. काकूंनी स्वस्तात मिळाली म्हणून परवा एकदा केलीच. अजून २०० च्या वरच आहे. बांगड्या मात्र सकाळी सातला चढतात.