छोटा ट्रॅक्टर ट्रेलरवरून नेताना: निवड, बांधणी आणि ओढणी यांविषयी ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडे ट्रेलर पाहायला येणारे बहुतेक ग्राहक आधी त्याची लांबी विचारतात, कारण ट्रॅक्टर त्यावर बसेल की नाही ही त्यांची पहिली काळजी असते. आम्ही मात्र त्याआधी ट्रॅक्टरचे वजन विचारतो आणि उत्तरादाखल बहुधा माहितीपुस्तिकेतला आकडा सांगितला जातो. तो आकडा खोटा नसतो, पण तो नुसत्या ट्रॅक्टरचा असतो, आणि कामावर निघालेला ट्रॅक्टर नुसता क्वचितच असतो.

पुस्तिकेत १,२०० किलो वजन दिलेला एखादा छोटा ट्रॅक्टर घ्या. त्याला पुढे लोडर असेल तर बकेटसह सुमारे ३०० किलो वाढतात, मागच्या दोन्ही टायरांत वजनासाठी पाणी भरलेले असेल तर २०० किलोंपर्यंत भर पडते, आणि मागचा रोटाव्हेटर न काढता तसाच नेला तर आणखी २५० किलो. म्हणजे ट्रेलरवर प्रत्यक्षात १,९५० किलो चढतात. ट्रेलरचे स्वतःचे वजन ७५० किलो धरले तर गाडीला एकूण २,७०० किलो ओढायचे आहेत. ट्रेलरच्या पाटीवर कोरलेली एकूण वजनाची मर्यादा ट्रेलर आणि माल या दोहोंची मिळून असते, हे नीट लक्षात घ्यावे. ३,००० किलोंच्या ट्रेलरवर ३,००० किलोंचा माल नेता येतो, हा समज आम्हाला वारंवार दुरुस्त करावा लागतो. वरच्या उदाहरणात तो ट्रेलर कागदावर पुरतो, तरीही आम्ही ३,५०० किलोंचाच सुचवू, कारण ट्रॅक्टर घेतल्यानंतर औजारे वाढतच जातात. याशिवाय ट्रेलरचे टायर, धुरे (चाकांचे आस), कपलर (ट्रेलरच्या पुढच्या टोकाची, बॉलवर बसणारी वाटी), हिचचा बॉल, खुद्द हिच (ट्रेलर जोडण्यासाठी गाडीच्या मागे बसवलेला सांधा) आणि ओढणारी गाडी या प्रत्येकाची मर्यादा वेगळी असते आणि त्यांतली सर्वांत कमी असेल तीच आपली खरी मर्यादा होय.

शंका असल्यास भुईकाट्यावर जाऊन वजन करून घ्यावे. अंदाजाने केलेल्या बेरजेपेक्षा काट्याची पावती केव्हाही विश्वासार्ह असते.

ट्रेलर कोणता घ्यावा

या वजनासाठी दोन धुऱ्यांचा ट्रेलर घ्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. एका धुऱ्याचा ट्रेलर स्वस्त असतो आणि अरुंद जागेत वळवायला सोपा असतो, परंतु त्याचा एक टायर फुटला तर त्या बाजूचा सगळा भार क्षणात रस्त्यावर येतो. दोन धुऱ्यांच्या ट्रेलरमध्ये गाडी सावकाश कडेला घेण्याइतका आधार तरी उरतो. पाटाची, म्हणजे ट्रॅक्टर उभा राहतो त्या तळाची, लांबी मोजताना लोडरच्या बकेटपासून मागच्या औजाराच्या टोकापर्यंत मोजावे. ट्रॅक्टर तीन मीटरच्या आसपास असला तरी ही लांबी सहज पाच मीटरपर्यंत जाते, आणि वजन योग्य जागी आणण्यासाठी ट्रॅक्टर थोडा पुढेमागे करता येईल इतकी मोकळी जागा त्याहून वेगळी लागते.

पाट लाकडी की लोखंडी, याबाबत आम्ही आग्रह धरत नाही, पण गुळगुळीत लोखंडी पाट ओला झाला की ट्रॅक्टरचे टायर त्यावर घसरतात. उताराच्या फळ्यांकडे मात्र बारकाईने पाहावे. पाट जमिनीपासून ६० सेंटिमीटर उंच असताना फळी दीड मीटरची असेल तर चढ जवळजवळ २४ अंशांचा होतो. तीच फळी २.४ मीटरची असेल तर तो १५ अंशांच्या आत येतो. लांब फळ्या जड असतात आणि ठेवायला अडचणीच्या असतात, हे मान्य करूनही आम्ही लांबच सुचवतो.

या वजनाच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असलेच पाहिजेत. त्यासोबत ट्रेलर सुटल्यास आपोआप ब्रेक लावणारी तार असते. तिचे टोक बॉलला न अडकवता गाडीच्या चौकटीला अडकवावे, कारण बॉलच निसटला तर बॉलला बांधलेल्या तारेचा उपयोग होत नाही. ब्रेक, नोंदणी आणि परवाना यांचे नियम ठिकाणानुसार बदलतात, म्हणून ते खरेदीपूर्वीच पाहून घ्यावेत.

जोडणी आणि हिचवरचा भार

कपलर आणि बॉल एकाच मापाचे हवेत. मोठ्या कपलरमध्ये लहान बॉल बसल्यासारखा वाटतो, कडीही लागते, आणि पहिल्या मोठ्या खड्ड्यात तो उसळून बाहेर येतो. कडी लावल्यावर ट्रेलरचा जॅक फिरवून पुढचे टोक उचलून पाहावे. गाडीचा मागचा भाग त्याबरोबर किंचित वर आला तर जोड पक्का बसला आहे. सुरक्षा साखळ्या कपलरखाली एकमेकींना छेद देऊन लावाव्यात, म्हणजे जोड सुटलाच तर ट्रेलरचे टोक रस्त्यात न रुतता त्यांच्या झोळीत पडते.

ट्रेलर हेलकावे खातो यामागे बहुधा वजनाची चुकीची मांडणी असते. हिचवर खाली दाबणारा भार एकूण वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के असावा, म्हणजे आपल्या उदाहरणात २७० ते ४०५ किलो. तो कमी पडला, ट्रेलर उलाळ म्हणजे मागे जड झाला, की ठरावीक वेगाच्या पुढे ट्रेलरचे शेपूट डोलू लागते; जास्त झाला तर ओढणाऱ्या गाडीची पुढची चाके हलकी होऊन स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही कमकुवत होतात. अनेक लहान मोटारींच्या हिचवर जेमतेम ७५ ते १०० किलोंचा उभा भार चालतो. अशी गाडी या कामासाठी नाही, मग तिचे इंजिन कितीही ताकदवान असो. हा भार मोजण्याची सोपी रीत अशी की, आधी गाडी एकटी भुईकाट्यावर घ्यावी, नंतर भरलेला ट्रेलर जोडून ट्रेलरची चाके काट्याबाहेर ठेवून पुन्हा फक्त गाडीच तोलावी, आणि दोन आकड्यांतील फरक काढावा. हिचपासून ट्रेलरच्या धुऱ्यांच्या मध्यापर्यंतचे अंतर चार मीटर असेल तर आपला ट्रॅक्टर २० सेंटिमीटर पुढे सरकवल्याने हा भार जवळजवळ १०० किलोंनी वाढतो. एकदा योग्य जागा सापडली की पाटावर रंगाने खूण करून ठेवावी, म्हणजे पुढच्या वेळी तोलण्याची गरज पडणार नाही. औजार बदलले तर मात्र खूणही बदलते.

चढवणे

ट्रेलर गाडीला जोडलेला असल्याशिवाय त्यावर ट्रॅक्टर कधीही चढवू नये. ट्रॅक्टरची चाके मागच्या कडेवर आली की ट्रेलरचे पुढचे टोक उचलले जाते, आणि जोडलेल्या स्थितीतही ते गाडीची मागची चाके उचलू शकते. म्हणून सपाट, घट्ट जमीन निवडून चाकांना ठोकळे लावावेत आणि ट्रेलरच्या मागच्या टोकाखाली आधाराचे पाय द्यावेत. ट्रॅक्टरचा रोलबार (उलटल्यास चालकाला वाचवणारी कमान) उभा ठेवून सीटबेल्ट बांधावा, डाव्या-उजव्या चाकांच्या ब्रेकची दोन्ही पेडले कडीने जोडावीत, सर्वांत हळू गिअर चढण्यापूर्वीच टाकावा आणि फळीवर असताना क्लच दाबू नये. लोडर असेल तर बकेट खाली, फळीला लागणार नाही इतकीच वर ठेवावी. पुढे लोडर नसून मागे जड औजार असेल तर चढावर पुढची चाके उचलली जाण्याचा धोका खरा आहे. अशा वेळी औजार काढून वेगळे न्यावे हे उत्तम. ते शक्य नसेल तर ट्रॅक्टर रिव्हर्समध्ये चढवावा आणि हिचवरचा भार पुन्हा तपासावा. मदतनीस बाजूला, चालकाला दिसेल असा उभा राहावा. फळीच्या मागे कोणीही थांबू नये.

बांधणे

हँडब्रेक आणि गिअर यांवर ट्रॅक्टर जागेवर राहतो असे वाटते, परंतु जोरदार ब्रेक लागल्यावर माल आपल्या वजनाच्या ०.८ पट इतक्या जोराने पुढे ढकलला जातो असे धरून बांधणी केली जाते. १,९५० किलोंच्या ट्रॅक्टरसाठी हा जोर सुमारे १,५६० किलोंचा होतो. साखळ्या तिरप्या असल्याने त्यांचे पूर्ण बळ त्या दिशेला लागत नाही, म्हणून आम्ही चारही कोपऱ्यांना प्रत्येकी किमान १,५०० किलो कामाच्या क्षमतेची स्वतंत्र साखळी वापरण्यास सांगतो. खरेदी करताना कामाची क्षमता पाहावी, तुटण्याची नव्हे. साखळीवर मोठ्या अक्षरात छापलेला आकडा कधी कधी दुसराच असतो. पुढच्या दोन साखळ्यांचा ताण पुढे आणि मागच्या दोघींचा मागे असावा. त्या चौकटीला किंवा धुऱ्याला अडकवाव्यात. स्टिअरिंगचे दांडे, हायड्रॉलिकचे पाइप आणि रोलबार यांना कदापि नाही. बकेट आणि मागचे औजार पाटावर टेकवून दाब सोडावा आणि त्यांना वेगळा पट्टा लावावा. टर्बो इंजिनचा ट्रॅक्टर असेल तर धुराड्याचे तोंड झाकावे, कारण वाऱ्याने टर्बो तेलाविना फिरत राहतो. इंजिन पुन्हा सुरू करण्यापूर्वी हे झाकण न विसरता काढावे.

रस्त्यावर

वेग दुप्पट झाला की थांबवायची ऊर्जा चौपट होते, म्हणून पुढच्या वाहनापासून नेहमीपेक्षा बरेच जास्त अंतर ठेवावे आणि उतारावर आधीच खालचा गिअर घ्यावा. ट्रेलर डोलू लागला तर गाडीचा ब्रेक दाबू नये आणि स्टिअरिंगने डोलणे थोपवण्याचा प्रयत्नही करू नये. स्टिअरिंग सरळ धरून अॅक्सिलरेटर सोडावा आणि ट्रेलरच्या ब्रेकसाठी वेगळी कळ असेल तर तेवढीच हळू दाबावी. शांत झाल्यावर थांबून वजनाची जागा बदलावी, कारण तीच मांडणी ठेवून पुढे निघालात तर ट्रेलर पुन्हा डोलेल.

निघाल्यानंतर १० ते १५ किलोमीटरवर एकदा थांबावे. एव्हाना ट्रॅक्टरचे टायर दबून साखळ्या थोड्या सैल झालेल्या असतात. त्या पुन्हा आवळाव्यात. त्याच वेळी ट्रेलरच्या प्रत्येक चाकाच्या मध्यभागाजवळ हात नेऊन ऊब पाहावी. एखादे चाक बाकीच्यांपेक्षा स्पष्टपणे गरम असेल तर तिथे बेअरिंग कोरडे पडले आहे किंवा ब्रेक घासतो आहे, आणि ते दुरुस्त होईपर्यंत ट्रेलर पुढे नेऊ नये.