मॉर्फिन म्हणजे शेवट, ही भीती आली कुठून?

कॅन्सरच्या पेशंटला मॉर्फिन, म्हणजे अफूपासून काढलेलं दुखण्यावरचं जोरदार औषध, सुरू करू या असं डॉक्टर म्हणाले की घरच्यांचे चेहरे पडतात. म्हणजे आता काही खरं नाही असं सगळे मनातल्या मनात धरून चालतात, आणि पेशंट रात्रभर कण्हत असला तरी कुणीतरी म्हणतंच की एवढ्यात नको, अजून थोडं चालवून घेऊ. ही भीती उगाच नाहीये, तिला चांगला दीडशे-दोनशे वर्षांचा इतिहास आहे, फक्त तो औषधाच्या गुणांपेक्षा ते कसं आणि कधी दिलं गेलं त्याचा जास्त आहे.

अफूनं दुखणं थांबतं हे माणसाला हजारो वर्षांपासून माहीत. भानगड अशी की एका अफूत दम किती आणि दुसरीत किती हे कळायचं नाही, त्यामुळे डोस म्हणजे निव्वळ अंदाज. १८०४-०५ च्या सुमारास जर्मनीतल्या फ्रिडरिश झेर्ट्युर्नर या विशीतल्या औषध बनवणाऱ्या पोरानं अफूतलं नेमकं कामाचं द्रव्य वेगळं काढलं, पुढं ते स्वतःवर आणि तीन तरुणांवर करून पाहिलं (सगळे जवळजवळ आडवेच झाले होते म्हणे), आणि स्वप्नांच्या ग्रीक देवाच्या, मॉर्फियसच्या, नावावरून त्याला नाव मिळालं. १८२७ पासून मर्क या जर्मन कंपनीनं ते विकायला काढलं, १८५० च्या दशकात इंजेक्शनची सुई आली, आणि आता मोजून डोस देता यायला लागला. पण मोजून सुखानं देता येतं तसं मोजून व्यसनही लागतं. १८९८ मध्ये बायर कंपनीनं मॉर्फिनपासूनच बनवलेलं हेरॉइन चक्क खोकल्याचं औषध म्हणून बाजारात आणलं, त्यानंतर काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. मग अशा औषधांच्या बंदोबस्ताचे कायदे आले, १९१२ चा हेगचा करार, अमेरिकेत १९१४ चा हॅरिसन कायदा, आणि डॉक्टरच प्रिस्क्रिप्शन लिहायला बिचकू लागले. १९६१ च्या अमली पदार्थांबद्दलच्या आंतरराष्ट्रीय करारात वेदना कमी करायला ही औषधं लागतातच, ती मिळायला हवीत असंही लिहिलंय, पण ते वाक्य कुणाच्या लक्षात राहिलं नाही, बंदोबस्त तेवढा राहिला.

या सगळ्यात कॅन्सरचा पेशंट मधल्या मध्ये अडकला. इंग्लंडमध्ये हर्बर्ट स्नो या सर्जननं १८९६ मध्ये वाढलेल्या कॅन्सरमध्ये अफू आणि कोकेन देण्याबद्दल लिहिलं होतं, पुढे त्याच वळणावर ब्रॉम्प्टन मिश्रण निघालं, मॉर्फिन नाहीतर हेरॉइन, कोकेन, दारू आणि चव यायला गोड पाक. पण जास्त ठिकाणी पद्धत एकच, दुखणं असह्य झालं, पेशंटनं मागितलं, की इंजेक्शन. मग तो चार तास गुंगीत, मग परत दुखणं, परत मागणं, आणि सारखं मागतो म्हणून नर्सला वाटायचं याला सवय लागली. त्यात हे सगळं अगदी शेवटच्या काही दिवसांत सुरू व्हायचं, म्हणजे इंजेक्शन आणि मरण बघणाऱ्याला एकापाठोपाठच दिसायचं. माझ्या मते आजच्या भीतीचं मूळ इथेच आहे. उशिरा दिलं म्हणून माणूस लवकर गेल्यासारखा वाटला, आणि लवकर जाईल या भीतीनं पुढच्याला आणखी उशिरा दिलं.

हे चक्र मोडलं सिसिली साँडर्सनं. आधी नर्स, मग हॉस्पिटलात समाजसेवेचं काम, आणि १९५७ मध्ये, चाळिशीला टेकल्यावर, डॉक्टर. लंडनच्या सेंट ल्यूक्स या मरणाच्या वाटेवरच्या पेशंटसाठीच्या हॉस्पिटलात स्वयंसेविका असताना तिनं पाहिलं होतं की तिथं मॉर्फिन ठरलेल्या वेळी तोंडावाटे देतात, दुखायची वाट बघत नाहीत. १९५८ पासून तशाच सेंट जोसेफ्समध्ये तिनं तेच केलं आणि पेशंटगणिक नोंदी ठेवल्या. पेशंट शुद्धीत असायचे, बोलायचे, डोस सारखा वाढवत न्यावा लागतो हा समजही टिकला नाही. शरीराच्या दुखण्यात मनाचं, घरच्यांचं, पैशाचं दुखणं मिसळलेलं असतं ही ‘टोटल पेन’ची कल्पनाही तिचीच. १९६७ मध्ये तिचं सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या दिवसांतल्या पेशंटची काळजी घेणारं घर, उभं राहिलं. तिथंच ७० च्या दशकात रॉबर्ट ट्वायक्रॉस या डॉक्टरनं ते ब्रॉम्प्टन मिश्रण तपासून पाहिलं, आणि निघालं काय तर तोंडावाटे वेळेवर द्यायचं असेल तर हेरॉइन आणि मॉर्फिनमध्ये सांगण्यासारखा फरक नाही आणि कोकेनचाही खास उपयोग नाही. म्हणजे पाण्यात साधं मॉर्फिन, दर चार तासांनी. नवीन काही शोधलं नव्हतं हो, फक्त घड्याळ बघितलं होतं!

१९८२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं मिलानला तज्ज्ञांना बोलावलं आणि १९८६ मध्ये कॅन्सरच्या दुखण्यावर औषधं कोणत्या क्रमानं द्यायची ती प्रसिद्ध तीन पायऱ्यांची शिडी छापली. खाली पॅरासिटामॉल-ॲस्पिरिनसारखी, मध्ये कोडीन हे अफूतलंच सौम्य औषध, वर मॉर्फिन, आणि सोबत लागतील ती नसांच्या दुखण्याची वगैरे औषधं. शक्यतो तोंडावाटे, घड्याळाप्रमाणे, माणूस बघून डोस. पाठ करायला सोपी, म्हणून जगभर गेली. मधली पायरी मात्र तेव्हापासूनच डळमळीत. कोडीनचं शरीरात मॉर्फिन व्हावं लागतं, काही जणांच्या लिव्हरमध्ये ते होतच नाही, मग गोळी घेऊन फायदा काय? २०१६ च्या एका इटालियन अभ्यासात मध्यम दुखणं असलेल्या २४० पेशंटमध्ये थेट कमी डोसचं मॉर्फिन मधल्या पायरीपेक्षा सरस ठरलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये शिडी मुख्य मजकुरातून परिशिष्टात गेली.

दरम्यान १२ तास पुरणाऱ्या गोळ्या आल्या, मॉर्फिनच्याच जातीच्या फेंटानिलचा, कातडीवर चिकटवायचा ७२ तासांचा पॅच आला, मध्येच उसळणाऱ्या दुखण्यासाठी वेगळा जादा डोस ठरला. सुरुवातीची गुंगी बहुतेकांची काही दिवसांत ओसरते, मळमळही जाते, बद्धकोष्ठता मात्र जात नाही, म्हणून पोट साफ व्हायचं औषध पहिल्या दिवसापासून. दुखण्याच्या मानानं हळूहळू वाढवलेल्या मॉर्फिननं आयुष्य कमी होतं असं अभ्यासांमध्ये दिसलेलं नाही.

आणि एवढं सगळं कळूनही लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०१७ च्या आयोगाचा हिशोब बघा, जगात वर्षाला मॉर्फिनच्या हिशोबात २९८.५ टन ओपिऑइड (मॉर्फिनच्या जातीची औषधं) वाटली जात होती, त्यातली गरीब देशांच्या वाट्याला ०.१ टन. साध्या मॉर्फिनच्या गोळीवर कुणाचं पेटंट नाही, ती महागही नाही.