इंग्रजीतला कॉमा: कुठे द्यायचा, कुठे नाही (सोलापूरकरांसाठी)

कॉमा म्हणजे स्वल्पविराम. शाळेत आपल्याला शिकवतात की कॉमा आला की थोडं थांबायचं, आणि वाचताना ते बरोबरच आहे, पण लिहितानाही तोच नियम उलटा लावला जातो, म्हणजे जिथे बोलताना थांबलो तिथे कॉमा टाकला, आणि इंग्रजीतला सगळा घोळ इथूनच सुरू होतो. इंग्रजी कॉमा वाक्याच्या बांधणीवर चालतो. कुठला शब्द कुठल्या शब्दाशी जोडलाय, एक वाक्य कुठे संपलं, कुठली माहिती वरची, म्हणजे जादाची आहे, हे तो दाखवतो.

मुळात तो आला श्वासासाठीच. इसवी सनाच्या आधी सुमारे दोन शतकं अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयात बायझँटियमचा अरिस्टोफेनिस नावाचा विद्वान होता, त्यानं मोठ्यानं वाचणाऱ्यांच्या सोयीसाठी कमी-जास्त थांबायच्या जागी ठिपके द्यायची पद्धत काढली. पुढे पंधराव्या शतकाच्या शेवटी व्हेनिसचा छापखानेवाला आल्डस मॅन्युशियस यानं आजचा शेपटीवाला कॉमा छपाईत रुळवला आणि हळूहळू त्याचं काम व्याकरणाकडे सरकलं. आपल्याकडे मोडीत असली चिन्हंच नव्हती, मराठीत ती एकोणिसाव्या शतकात इंग्रजीवरून आली आणि त्यात मेजर कँडी या इंग्रज कोशकाराचा मोठा वाटा आहे. म्हणजे मराठीला कॉमा तसा नवाच, आणि मराठीचं त्याच्यावाचून फारसं अडत नाही कारण नं, ला, चा, त हे प्रत्ययच कोण कोणाचं ते सांगून टाकतात, शब्द पुढे-मागे केले तरी चालतं. इंग्रजीत ही सोय जवळजवळ नाही, तिथे सगळं शब्दांच्या जागेवर आणि असल्या चिन्हांवर.

सोलापुरात तर मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू अशा चारही घरांतली पोरं एकाच वर्गात इंग्रजी शिकतात. उर्दूवाल्यांचा कॉमा दिसायलासुद्धा उलटा, शेपटी वर, कारण लिपी उजवीकडून डावीकडे. पण चुका मात्र सगळ्यांच्या बऱ्याच सारख्या.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे दोन पूर्ण वाक्यं नुसत्या कॉमानं जोडणं. "बस उशिरा आली, माझा पेपर बुडाला" हे मराठीत एकदम ठीक आहे. तेच इंग्रजीत "द बस वॉज लेट, आय मिस्ड द एक्झाम" लिहिलं की चूक धरतात, कारण दोन्हीकडे आपापला कर्ता आणि आपापलं क्रियापद आहे आणि एवढं वजन एकटा कॉमा पेलत नाही. मग एकतर फुलस्टॉप द्या, नाहीतर सेमीकोलन म्हणजे अर्धविराम (;) द्या, नाहीतर कॉमानंतर जोडणारा शब्द घाला: "द बस वॉज लेट, सो आय मिस्ड द एक्झाम". असे जोडणारे शब्द सातच, अँड, बट, ऑर, सो, येट, फॉर, नॉर. हाउएव्हर त्यात नाही! आपण हाउएव्हरला "पण" समजून बटच्या जागी बसवतो आणि फसतो, त्याच्या आधी सेमीकोलन किंवा फुलस्टॉप लागतो आणि नंतर कॉमा. आणि जोडणाऱ्या शब्दाच्या पुढे नवा कर्ताच नसेल तर सहसा कॉमा नको, जसं "शी वेंट टू पंढरपूर अँड केम बॅक बाय नाइट".

दुसरी चूक आपल्या "की"मुळे होते. "तो म्हणाला की, उद्या सुट्टी आहे" असं लिहायची सवय, म्हणून इंग्रजीत "ही सेड दॅट, टुमॉरो इज अ हॉलिडे". दॅटच्या नंतर कॉमा नाही, आधीही नाही. मात्र बोललेलं जसंच्या तसं अवतरणात द्यायचं असेल तर "ही सेड" नंतर कॉमा हवाच.

तिसरी, कर्ता लांबला की दम लागतो आणि क्रियापदाच्या आधी कॉमा पडतो: "द स्टुडंट्स फ्रॉम अक्कलकोट अँड बार्शी, वेअर लेट". इथे कॉमा म्हणजे डोकं आणि धड वेगळं करणं. कर्ता कितीही लांब असू दे, त्याच्या आणि क्रियापदाच्या मध्ये एकटा कॉमा येत नाही.

एकटा म्हटलं कारण जोडीनं येतो, आणि हा भाग नीट समजून घेण्यासारखा आहे. "डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस, हू वॉज बॉर्न इन सोलापूर, डाइड इन चायना इन १९४२." मधला तुकडा काढला तरी कोणाबद्दल बोलतोय ते कळतं, तो वरची माहिती आहे, म्हणून दोन्ही बाजूंनी कॉमा. एक दिला आणि दुसरा विसरला तर वाक्य लंगडं होतं. आता हे बघा: "द इंडियन डॉक्टर्स हू वेंट टू चायना इन १९३८ वेअर फाइव्ह." इथे हू पासूनचा तुकडा काढला तर भारतातले डॉक्टर एकूण पाचच होते असा अर्थ निघेल, म्हणून इथे कॉमा अजिबात नको. हाच फरक "माय ब्रदर, हू लिव्ह्ज इन पुणे" आणि कॉमाशिवायच्या "माय ब्रदर हू लिव्ह्ज इन पुणे" यात आहे, पहिल्यात भाऊ एकच, दुसऱ्यात अनेक भावांपैकी पुण्यातला. पत्त्यालाही जोडीचा नियम लागतो, "सोलापूर, महाराष्ट्र, इज..." असं, महाराष्ट्रनंतरचा कॉमा बहुतेकजण खातात.

यादीतला कॉमा सोपा वाटतो पण तिथेही जपायला लागतं. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेल्या आपल्या चार हुतात्म्यांची नावं इंग्रजीत लिहायची तर "मल्लप्पा धनशेट्टी, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, अँड श्रीकिसन सारडा". अब्दुल रसूल कुर्बान हुसेन हा एकच माणूस आहे. बाहेरच्या वाचकाला हे फक्त कॉमावरूनच कळणार, मध्ये एक जास्तीचा पडला की चाराचे पाच हुतात्मे होतात, आणि आपल्या गावाच्या माणसांबाबत तरी हे होऊ नये.

अँडच्या आधीचा तो शेवटचा कॉमा म्हणजे ऑक्सफर्ड कॉमा, ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या पद्धतीवरून नाव पडलं. अमेरिकेत पुस्तकांत तो बहुधा देतात, वर्तमानपत्रं आणि बरेच ब्रिटिश लोक टाळतात. दोन्ही चालतं, फक्त एका लेखात एकच पद्धत ठेवा. माझ्या मते द्यावाच, कारण त्यानं नुकसान काही नाही आणि नसला तर कधीकधी फार होतं. अमेरिकेत मेन राज्याच्या ओव्हरटाइमच्या कायद्यात कुठल्या कामांना जादा पैसे लागू नाहीत याची यादी होती आणि तिचा शेवट "पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन" असा, शिपमेंटनंतर कॉमा नाही. दुधाच्या गाड्यांवरचे ड्रायव्हर म्हणाले की इथे काम एकच आहे, पॅकिंग, आम्ही तर पॅकिंग करतच नाही, वाटप करतो, म्हणून आम्हाला जादा पैसे मिळालेच पाहिजेत. २०१७ ला अपील कोर्टानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला आणि पुढच्या वर्षी त्यांच्या दूध कंपनीनं ५० लाख डॉलरवर तडजोड केली.

सुरुवातीला येणाऱ्या तुकड्यानंतर कॉमा, "व्हेन द रेन स्टॉप्ड, वी लेफ्ट". तोच तुकडा शेवटी गेला तर सहसा नको. हाक मारताना कॉमा, "थँक यू, सर". विशेषणांत मात्र तपासून बघायचं: "सॉफ्ट, थिक टॉवेल" मध्ये दोन्हीची अदलाबदल चालते म्हणून कॉमा, "व्हाइट कॉटन टॉवेल" मध्ये "कॉटन व्हाइट" होत नाही म्हणून नाही.

टॉवेलवरून आकड्यांचं सांगायलाच पाहिजे, कारण आपल्या चादरीला आणि टेरी टॉवेलला जीआय टॅग म्हणजे भौगोलिक मानांकन आहे आणि माल बाहेरच्या देशात जातो. आपण १,२५,००० लिहितो, इंग्लंड-अमेरिकेत तेच १२५,००० होतं, हजारानंतर तिथे तीन-तीन आकड्यांनी कॉमा. जर्मनी, फ्रान्सकडे तर कॉमा म्हणजे दशांशचिन्ह, तिथल्या माणसाला १,२५० किलो दिसलं तर तो सव्वा किलो वाचू शकतो. त्यामुळे इनव्हॉइसवर समोरच्या देशाची पद्धत विचारून घ्यावी आणि रक्कम, वजन, नग हे अक्षरातही लिहावं.