दानाची गाडी: सोसायटीच्या पार्किंगपासून आरटीओपर्यंत

मार्चअखेर हिशेब बंद करायची धावपळ सुरू झाली की आमच्या ठाण्यातल्या छोट्या ट्रस्टच्या ऑफिसात एखादा तरी फोन येतो. "आमची गाडी नुसती पडून आहे. तुमच्या कामी येत असेल तर घेऊन जा." गाडी बहुतेक वेळा घोडबंदर रोडच्या नाहीतर पाम बीचच्या एखाद्या सोसायटीतली, लहान चणीची, पण नावाजलेल्या परदेशी कंपनीची. देणाऱ्याचं मन मोठं असतं, यात शंका नाही. तरी मी आधी आरसी, विमा आणि सर्व्हिसची बिलं मागते. ते का, हे कळायला थोडं मागे जावं लागेल.

१९८३ च्या डिसेंबरात पहिली मारुती ८०० रस्त्यावर आली आणि लहान गाडी म्हणजे परवडणारी गाडी, हे डोक्यात पक्कं बसलं. २०१३ मध्ये ते बदललं. त्या वर्षी मर्सिडीजची ए-क्लास आणि बीएमडब्ल्यूची वन सिरीज भारतात आल्या, पुढच्या वर्षी ऑडीची ए-थ्री. किंमत वीस लाखांच्या पुढे, पण दारात असं नाव उभं करायचा हा सगळ्यात स्वस्त मार्ग होता. त्या पहिल्या गाड्यांना २०२८ मध्ये पंधरा वर्षं होतील. म्हणजे फिटनेस तपासणी आणि नोंदणीचं नूतनीकरण आलंच. अशा गाडीची किंमत वर्षागणिक उतरते, पार्टची किंमत मात्र उतरत नाही. एजंटने सांगितलेला भाव ऐकून जीव तुटतो आणि दानाचा विचार मनात येतो तो याच टप्प्यावर.

गाडी दान करायची कल्पना अमेरिकेत चांगलीच रुजलेली आहे. ज्यांची मुलं तिकडे आहेत त्यांच्या बोलण्यात ती हमखास येते. तिथे दान दिलेल्या गाडीवर आयकरात सवलत मिळते. पूर्वी लोक गाडीची बाजारभावाने किंमत लावून तेवढी वजावट घ्यायचे, मग संस्थेच्या हाती लिलावात कितीही कमी येवोत. २००४ च्या कायद्याने याला लगाम घातला. २००५ पासून, पाचशे डॉलरपेक्षा जास्त वजावट मागायची असेल तर संस्थेने गाडी प्रत्यक्षात जेवढ्याला विकली तेवढीच रक्कम धरली जाते. संस्था ती गाडी स्वतःच्या कामासाठी खरोखर वापरणार असेल किंवा गरजूला देणार असेल, तर गोष्ट वेगळी.

आपल्याकडे तो प्रश्नच येत नाही. मार्च २०२६ पर्यंत लागू असलेल्या १९६१ च्या आयकर कायद्यातलं कलम ८०जी देणगीवर वजावट द्यायचं, पण १९७६ पासून त्यात स्पष्टच लिहिलेलं होतं की देणगी पैशांतच हवी; त्याच्या जागी आलेल्या २०२५ च्या कायद्यातही तेच आहे. धान्य, कपडे, गाडी, काहीही वस्तुरूपाने दिलं तर वजावट शून्य. २०१७ नंतर तर रोख देणगीही दोन हजारांपर्यंतच चालते. नवी करपद्धत निवडली असेल तर या वजावटीचा फायदा एरवीही नाही. फोनवर हे सांगितलं की काही जण गप्प होतात. मला त्यांचा राग येत नाही. कुणी त्यांना हे आधी सांगितलेलंच नसतं.

करापेक्षा मोठा मुद्दा नावाचा आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५० प्रमाणे गाडी दुसऱ्याला दिली की देणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. आपल्याकडची रीत म्हणजे टीटी फॉर्मवर, म्हणजे गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या अर्जावर, सह्या करायच्या, चावी हातात द्यायची आणि विसरून जायचं. २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे अशीच गाडी होती. ती एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे गेली. अपघातात माणूस गेला तेव्हा नोंद मात्र पहिल्याच मालकाच्या नावावर होती. भरपाईची जबाबदारी न्यायालयाने त्या पहिल्या मालकावर टाकली. दान केलेल्या गाडीला वेगळा नियम नाही. मनाने दिली तरी कागदावर ती तुमचीच राहते.

धर्माची गाय आणि दात का गं नाय, असं आपण म्हणतो. फुकट मिळालेल्याला नावं ठेवू नयेत, हे खरं. पण गाडीचे दात मोजावेच लागतात, हे आम्ही एका पावसाळ्यात शिकलो. एका कुटुंबाने प्रेमाने दिलेली चंदेरी हॅचबॅक आमच्या आवारात आली. सीट चामड्याच्या, चावी मात्र एकच. मुरबाडच्या पाड्यांवर औषधं पोचवायला ती काढली, तर प्रत्येक गतिरोधकाला खालून घासायची. ड्रायव्हरदादा माणसांना उतरवायचे, गाडी तिरकी घालून पार करायचे आणि मग सगळ्यांना परत आत घ्यायचे. स्टेपनी नव्हतीच. ऑगस्टमध्ये गिअरबॉक्सने त्रास द्यायला सुरुवात केली. दुरुस्तीचं कोटेशन आलं ते आमच्या स्वयंपाकघराच्या महिन्याच्या खर्चाहून जास्त होतं. जांभळाखाली ती आठ महिने उभी राहिली. विम्याचा हप्ता आम्हीच भरत होतो. शेवटी विकली.

तेव्हापासून आम्ही सरळ सांगतो: गाडी तुम्हीच विका आणि आलेले पैसे चेकने द्या. तुम्हाला वजावटीसाठी पावती मिळेल, आम्हाला लागेल तिथे खर्च करता येईल. गाडीच द्यायची असेल तर दानपत्र, ट्रस्टचा ठराव, नाव बदलायचे फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असेल तर त्याची नोंद काढायला बँकेच्या एनओसीसह फॉर्म ३५, विम्याचं हस्तांतर, आणि १ एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबरप्लेट, हे सगळं आधी. गाडी ठाण्याची एमएच ०४ असो नाहीतर नवी मुंबईची एमएच ४३, नवी आरसी ट्रस्टच्या नावाने हातात आल्याशिवाय आम्ही ती रस्त्यावर काढत नाही.

गेल्या दिवाळीत वाशीच्या एका काकांनी त्यांची गाडी अशीच विकली आणि चेक आणून दिला. त्यातून आमच्या जुन्या मारुती इको व्हॅनच्या इंजिनाचं काम झालं, चार टायर आले. ती आता रोज सकाळी सात वाजता डायलिसिसच्या पेशंटना घेऊन कळव्याहून निघते.