पार्श्वभूमी : पापलेटचं कूळ, माणसाचं कूळ

नवी मुंबईतल्या दिवाळे गावच्या मासळी बाजारात पापलेट आणि हलवा एकाच पाटीत दिसतात. इंग्रजीत हलव्याला 'ब्लॅक पॉम्फ्रेट' म्हणतात, पण कोळीण मावशी त्याला कधीच पापलेट म्हणणार नाही. तिचंच बरोबर आहे. हलवा काट बांगड्याच्या कुळातला.

पण दोन मासे हुबेहूब सारखे दिसले तर? जर्मनीच्या फ्रीडरिश हाइंके यांनी 1898 मध्ये हेरिंग माशांचे मणके मोजून त्यांचे वेगवेगळे कळप ठरवले. पुढे कळलं की अंडी कशा पाण्यात वाढतात, त्यानंही मणक्यांची संख्या बदलते. मग आनुवंशिक खूण शोधायची कुठे?

उत्तर रक्तात मिळालं, आणि तेही आधी माणसांच्या. पहिल्या महायुद्धात हिर्शफेल्ड या डॉक्टर दांपत्यानं ग्रीसमधल्या सालोनिका इथे निरनिराळ्या देशांच्या सैनिकांचे रक्तगट तपासले. 1919 मध्ये त्यांनी दाखवून दिलं की ए आणि बी यांचं प्रमाण समाजागणिक बदलतं. या इतिहासात आपली मुंबईही आहे, हे मला आवर्जून सांगावंसं वाटतं. 1952 मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी असं रक्त शोधलं, ज्याला 'ओ' गटाचं रक्तसुद्धा चालत नाही. जगभर त्याला 'बॉम्बे ब्लड ग्रुप' म्हणतात. मुंबई परिसरात साधारण दहा हजारांत एकाचा हा गट असतो. मग माशांची पाळी आली. 1960च्या दशकात डेन्मार्कमध्ये कॉड माशांच्या रक्तातल्या हिमोग्लोबिनवरून त्यांचे साठे, म्हणजे वेगवेगळे कळप, ओळखायला सुरुवात झाली.

डीएनए आल्यावर मात्र सगळंच बदललं. मायटोकाँड्रियाचा, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या कणांचा, डीएनए फक्त आईकडून येतो, त्यामुळे आजी-पणजीची वाट थेट मागे जाता येते. माणसातली त्याची सगळी अक्षरं, सुमारे 16,500, 1981 मध्ये वाचून झाली. 1987 मध्ये अ‍ॅलन विल्सन यांच्या गटानं 147 जणांच्या नमुन्यांवरून आपल्या सगळ्यांची मातृरेषा आफ्रिकेपर्यंत नेली. याच डीएनएचा जेमतेम 650 अक्षरांचा तुकडा 2003 मध्ये पॉल हेबर्ट यांनी प्राण्यांच्या जाती ओळखण्यासाठी सुचवला, आणि दोनच वर्षांत ऑस्ट्रेलियात माशांच्या 200हून अधिक जातींची अशी नोंद झाली. त्यासाठी लागतो शेपटीचा नखाएवढा तुकडा, अल्कोहोलमध्ये बुडवलेला.

आपल्या देशातल्या माणसांबद्दलचं मोठं काम 2009 चं. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेतले लालजी सिंग, के. थंगराज आणि अमेरिकेतले डेव्हिड राइक यांनी 25 समाजांतल्या 132 जणांचा डीएनए तपासला. बहुतेक भारतीय किमान दोन प्राचीन पूर्वजगटांच्या मिश्रणातून आले, प्रमाण तेवढं कमी-जास्त. जातीतल्या जातीत लग्नं करण्याची रीत नंतरची, हे 2013 च्या पुढच्या अभ्यासानं आणखी स्पष्ट केलं. आगरी, कोळी, ब्राह्मण, कुणीही आपल्या रक्ताला 'शुद्ध' म्हणू नये, इतकं हे स्पष्ट आहे.

आणि पापलेट? महाराष्ट्रानं 2023 मध्ये त्याला राज्यमासा ठरवलं. तोवर डीएनए तपासणीतून दिसलं होतं की ज्याला आपण शास्त्रीय नावानं पाम्पस अर्जेंटियस म्हणत आलो, तो आपल्या पाण्यातला मासा खरं तर पाम्पस कँडिडस आहे. हे नाव 1829 पासूनचं, मध्यंतरी बाजूला पडलेलं. प्रश्न नुसत्या नावाचा नाही. कोणत्या माशाची पिल्लं कुठे वाढतात आणि किती धरली तर साठा टिकेल, हा हिशोब त्या-त्या जातीचा वेगळा मांडावा लागतो. जून-जुलैच्या मासेमारी बंदीनंतर दर्यात होड्या लोटणाऱ्यांचं वर्षभराचं पोट त्याच हिशोबावर आहे.