निळी कबर (प्लावा ग्रोब्नित्सा)

निळी कबर : ग्रीसच्या कॉर्फू बेटासमोर व्हिदो नावाचे छोटे बेट आहे. त्याच्या भोवतीच्या समुद्राला सर्बियन लोक ‘प्लावा ग्रोब्नित्सा’, म्हणजे निळी कबर, म्हणतात. पहिल्या महायुद्धात, 1916 मध्ये मरण पावलेल्या पाच हजारांहून अधिक सर्बियन सैनिकांचे देह या पाण्यात सोडण्यात आले. तिथे क्रूस नाही, नावे नाहीत, खूण म्हणून फक्त पाणी आहे.

हे सैनिक समुद्रापर्यंत पोहोचले ते पायी. ऑक्टोबर 1915 मध्ये जर्मनी व ऑस्ट्रिया-हंगेरीने उत्तरेकडून आणि बल्गेरियाने पूर्वेकडून सर्बियावर चाल केली. ग्रीसमधल्या थेस्सालोनिकी बंदरात उतरलेले मित्रराष्ट्रांचे, म्हणजे फ्रान्स व ब्रिटनचे, सैन्य वेळेत पोहोचू शकले नाही. शरणागती पत्करण्याऐवजी सर्बियन नेतृत्वाने नोव्हेंबरच्या अखेरीस माँटेनेग्रो व अल्बानियाचे डोंगर ओलांडून एड्रियाटिक किनारा गाठायचे ठरवले. वृद्ध राजा पेतार पहिला बैलगाडीतून निघाला आणि आजारी सेनापती रादोमिर पुत्निक यांना सैनिकांनी पालखीसारख्या खुर्चीतून वाहून नेले. सैन्याबरोबर निर्वासित कुटुंबे होती. शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून घरून काढलेली हजारो किशोरवयीन मुलेही होती. बर्फ, भूक, टायफस आणि वाटेवरचे हल्ले यांत किती जण गेले, याचे आकडे निरनिराळे दिले जातात. सर्बियन भाषेत या वाटचालीला ‘अल्बानियन गोलगोथा’ म्हणतात. येशूला क्रूसावर चढवले त्या टेकडीचे नाव लोकांनी एका पराभूत माघारीला दिले, यावरून तिच्याकडे ते कसे पाहतात ते कळते.

जानेवारी 1916 पासून मित्रराष्ट्रांच्या जहाजांनी वाचलेल्यांना कॉर्फूवर आणले. सर्वांत अशक्त आणि आजारी माणसे व्हिदोवर उतरवली गेली, आणि हे बेट ‘मृत्यूचे बेट’ ठरले. अनेकांचे शरीर इतके खंगले होते की अन्न समोर आले तरी पोट ते स्वीकारेना. शत्रूच्या हातून सुटलेला माणूस मित्राच्या छावणीत, पोटभर जेवण मिळण्याच्या दिवसांत मरत होता. या साऱ्या कथेतली सर्वांत जीवघेणी गोष्ट मला हीच वाटते. सुरुवातीला मृतांना बेटावरच पुरले जाई. पण जमीन खडकाळ आणि जागा तोकडी. ती संपल्यावर ‘साँ फ्रांस्वा दासीझ’ हे फ्रेंच रुग्णालय-जहाज मृतदेह घेऊन खोल पाण्यात जाऊ लागले.

ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती सर्बियन घरात मृत्यूनंतर कबरीचे काम संपत नाही. ‘झादुशनित्से’ या पितृस्मरणाच्या दिवशी घरचे लोक कबरीवर मेणबत्ती लावतात आणि उकडलेल्या गव्हाचा प्रसाद नेतात. कबर नसेल तर मेणबत्ती लावायची कुठे? निळ्या कबरीची स्मृती इतकी खोल गेली, त्यामागे हा प्रश्न आहे.

हे नाव दिले कवी मिलुतिन बोयिच (1892–1917) यांनी. बेलग्रेडचा हा तरुण त्या माघारीत स्वतः चालला होता आणि कॉर्फूला पोहोचला होता. त्यांच्या ‘प्लावा ग्रोब्नित्सा’ या कवितेत समुद्रावरून जाणाऱ्या जहाजांना थांबायला सांगितले आहे, कारण खाली माणसे निजली आहेत. जणू पाण्यावरच प्रार्थनासभा भरते. कविता ज्या संग्रहात आली तो 1917 मध्ये थेस्सालोनिकीत छापला गेला आणि त्याच वर्षीच्या मोठ्या आगीत त्याच्या जवळजवळ सगळ्या प्रती जळाल्या. काही महिन्यांनी, पंचविसाव्या वर्षी, क्षयाने कवी गेला. आज सर्बियात ही कविता माहीत नसलेला माणूस विरळा.

‘निळी कबर’ हे नाव सुंदर आहे, आणि म्हणूनच त्याच्यासमोर जरा सावध राहावे लागते. त्या निळ्याखाली गेली ती हाडांचे सापळे झालेली, बहुतेक शेतकरी घरांतली माणसे होती.

व्हिदोवर 1938 मध्ये वास्तुविशारद निकोलाय क्रास्नोव्ह यांच्या आराखड्यानुसार स्मारकगृह उभे राहिले. बेटावर पुरलेल्यांपैकी अडीच हजारांहून अधिक सैनिकांच्या अस्थी तिथे आहेत. समुद्रातल्यांसाठी लाटांवर पुष्पचक्र सोडतात. कॉर्फूचे कोळी या पाण्यात अनेक दशके जाळे टाकत नव्हते, असे सांगितले जाते. बरे झालेले सैन्य पुढे थेस्सालोनिकीच्या आघाडीवर गेले. तिथल्या झेइतेन्लिक दफनभूमीत साडेसात हजारांच्या आसपास सर्बियन सैनिक आहेत. त्यांची राखण मिहाइलोविच कुटुंबाच्या तीन पिढ्यांनी केली. शेवटचे राखणदार जोर्जे मिहाइलोविच 2023 मध्ये वारले.

सर्बियात 11 नोव्हेंबरला, युद्धविरामदिनी, लोक छातीवर नाताली रामोंडाचे जांभळे फूल लावतात. हे रोप पूर्ण वाळले तरी पाणी मिळताच पुन्हा हिरवे होते. फुलाखालची हिरवी-काळी फीत अल्बानियातून चालत गेलेल्यांना दिलेल्या स्मृतिपदकाची आहे.

खेड्यांनी मात्र राज्याच्या स्मारकांची वाट पाहिली नाही. पश्चिम सर्बियात, विशेषतः द्रागाचेवो भागात, दूर मेलेल्या सैनिकासाठी रस्त्याच्या कडेला दगड उभा करण्याची चाल एकोणिसाव्या शतकापासूनच होती. या दगडांना ‘क्रायपुताशी’, म्हणजे वाटेकडेचे, म्हणतात. पहिल्या महायुद्धानंतर त्यांत भर पडली. दगडावर गणवेशातला, बंदूक घेतलेला माणूस कोरलेला असतो आणि अनेकदा रंगवलेलाही. खाली तो कुठे व कोणत्या वर्षी गेला आणि दगड कुणी उभारला, बापाने की भावाने, हे लिहिलेले असते. दगडाखाली कुणी नसते. मजकुराची सुरुवात बहुधा वाटसरूला थांबवून होते, आणि वाचायला येणाऱ्याने ते नाव मोठ्याने वाचावे एवढीच त्याची मागणी असते.